स्टेशनासमोरच्या हॉटेलात फुगडी

मुंबईला गेलं की नातेवाइकांकडेच उतरायचं, असा आमच्या गावाचा रिवाज आहे. फोंडाघाटाच्या अलीकडचं आमचं गाव, आणि घरटी एक तरी माणूस मुंबईत. तिकडे हॉटेलात राहायला जाणं म्हणजे भावकीशी भांडण झालंय, असाच अर्थ लोक काढतात.

त्या वर्षी श्रावणात मुंबईतल्या आमच्याकडच्या लोकांच्या एका मंडळानं फुगडीची स्पर्धा ठेवली होती. भाताची लावणी आटोपली होती, त्यामुळे आम्ही बायका मोकळ्या होतो. मी दिवसा ओरोसला कचेरीत जायची आणि संध्याकाळी एसटीतून उतरले की थेट देवळाच्या सभामंडपात, सरावाला. स्पर्धेला जाणाऱ्यांची राहायची सोय मंडळानं दादर स्टेशनासमोरच्या एका हॉटेलात केली होती. नाट्यगृह तिथून चालत जाण्यासारखं होतं.

हे घरी सांगितलं तेव्हा माझी सासू तांदूळ निवडत होती. तिला आम्ही सगळीच आये म्हणतो. ती मान वर न करता म्हणाली, "मी पण येतंय."

"आये, तू येवन काय करतलंस?"

"हॉटेलात रवतलंय." मग सूप बाजूला ठेवून तिनं समजावून सांगितलं, "मुंबैक मी खूप वेळा गेलंय गो. दिराकडे बाळंतपणाक गेलंय, आजारपणाक गेलंय. थंय जावन भाकऱ्याच भाजलंय. नुसती रवाक कधी गेलंय नाय."

मी मंडळाला तिचंही नाव कळवलं, नुसतं राहायला.

आयेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तरुणपणी फुगडी घालावी तर तिनंच, असं गावातल्या जुन्या बायका सांगतात. मी लग्न होऊन या घरात आले त्याआधीच माझे सासरे गेले होते, आणि तेव्हापासून आयेनं फुगडी सोडली होती. विधवा बाईनं फेरात जायचं नाही, हे तिला कुणी तोंडानं सांगितलंही नसेल. मला मात्र फुगडी तिनंच शिकवली. मागच्या खळ्यात मला उभी करायची आणि पाय कुठे टाकायचा, वजन मागे कसं सोडायचं, ते पायरीवर बसून सांगायची. हात मात्र कधी धरायची नाही. माझ्या समोर जाऊबाई नाहीतर शेजारीण उभी राहायची.

तर आये आमच्याबरोबर आली. हॉटेलात पाऊल ठेवताच तिनं चपला दाराबाहेर काढल्या. काउंटरवर मधल्या वयाचे एक मॅनेजर होते. ते म्हणाले, "आजी, चपला घालूनच या. आणि चहा खोलीत पाठवू ना?" आयेनं माझ्याकडे पाहिलं आणि चपला परत पायात घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर आये खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली होती. हातात चहाचा कप. खाली स्टेशनचा पूल, फुलांच्या पाट्या, माणसांची धावाधाव, आणि सगळ्यावर कोसळणारा पाऊस. घरी ती कधी खुर्चीत बसून चहा प्यायल्याचं मला आठवत नव्हतं. चुलीपुढे, एक डोळा दुधावर, असाच तिचा चहा. "सगळी धावतत," ती म्हणाली, "आणि मी बसान आसंय." तिचा चेहरा असा निवांत मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेवढ्यात फोन वाजला. फुगडीतली माझी जोडीदारीण बोलत होती. आम्ही सगळ्या हॉटेलात उतरलो होतो, ती एकटी भावाकडे राहायला गेली होती, कल्याणच्याही पुढे. भावानं आग्रहच तसा केला होता.

"गाडी हलणा नाय गो," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "रुळार पाणी इला. मी काय वेळेर पोचणंय नाय."

खाली जेवणाच्या हॉलमध्ये आम्ही सगळ्या नाश्त्याला जमलो. गाड्या बंद पडल्यामुळे अडकलेले प्रवासीही तिथेच बसले होते. आमच्या गटाच्या म्होरकीनं बातमी ऐकली आणि थोडा वेळ नुसती चमच्यानं उपमा ढवळत राहिली. शेवटी म्हणाली, "एक जोडी कमी करून नाचूया. दुसरा काय करतलंव?" म्हणजे मी बाहेर. महिनाभर घाम गाळला होता.

आये पलीकडे बसून खात होती. तिनं बशी सरकवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "हिच्यावांगडा फुगडी मी घालतंय."

मी हळू आवाजात म्हटलं, "आये, लोक काय म्हणतले?"

"हयसर माका कोण वळाखता?"

म्होरकी उठली आणि मॅनेजरांकडे गेली. थोडी जागा मिळेल का, तिनं विचारलं. मॅनेजरांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या पावसाकडे, आणि स्वतःच टेबलं सरकवायला लागले. अडकलेल्या प्रवाशांनी खुर्च्या उचलल्या.

आयेनं पदर खोचला आणि दोन्ही हात पुढे केले. मी ते धरले. एवढी वर्षं एका घरात राहून तिच्या तळव्यांचा राठपणा मला पहिल्यांदा कळला. आम्ही पाय जुळवले, अंग मागे सोडलं, आणि पहिल्याच गिरकीत मला समजलं की सांभाळायची गरज तिला नव्हती, मला होती. हॉल माझ्याभोवती फिरायला लागला. टेबलं, माणसं, काचेपलीकडचं स्टेशन, सगळं एकमेकांत मिसळलं. फक्त तिचा चेहरा स्थिर होता, आणि ती हसत होती. थांबलो तेव्हा मी धापा टाकत होते. आये म्हणाली, "उजवो पाय अजून लवकर उचलतंस." प्रवासी टाळ्या वाजवत होते. म्होरकी डोळे पुसत होती आणि आपण डोळे पुसत नाही असं दाखवत होती.

नाट्यगृहापर्यंत आम्ही गुडघाभर पाण्यातून गेलो, साड्या वर धरून. पोचलो तेव्हा पडद्याच्या फटीतून आयेनं प्रेक्षकांकडे पाहिलं आणि ती थबकली. पहिल्या रांगेत तिचा जवळच राहणारा दीर बसला होता, आजूबाजूला आमच्याच भागातली ओळखीची माणसं. हॉटेलात कुणी ओळखत नव्हतं, इथे सगळीच ओळखत होती.

"आये, नको तर राहू दे," मी म्हटलं.

तिनं पदर पुन्हा खोचला. म्हणाली, "बघूंदेत. चल."

आमच्या सहावारी साड्या एकसारख्या होत्या, तिचं लुगडं वेगळं, फिकट. त्यामुळे रंगमंचावर सगळ्यांची नजर तिच्यावरच गेली. पहिल्यांदा कुजबुज झाली, ती मला स्पष्ट ऐकू आली. मग गाणं उंच चढलं, पाय तालाला लागले, आणि कुजबुज कुठल्या कुठे गेली. शेवटी बसफुगडीला, म्हणजे उकिडवं बसून उड्या मारत घालायच्या फुगडीला, आमच्यातल्या तरुण बायका एकेक करून थांबल्या. आये थांबली नाही. मी थांबले, तेव्हा ती एकटीच फेर धरून फिरत राहिली आणि अख्खं नाट्यगृह ताल देऊ लागलं. माझी नजर पहिल्या रांगेत गेली. दीर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

दुपारनंतर गाड्या सुरू झाल्या. उरलेले गट आले, त्यांनाही पुरा वेळ मिळाला, आणि त्यात एकदोन तर फारच तयारीचे होते. माझी जोडीदारीण भिजून चिंब होऊन पोचली, ती निकालाच्या वेळेला. पहिला क्रमांक आमच्या गावाचा जाहीर झाला तेव्हा सगळ्यात आधी तिनंच आयेला मिठी मारली.

बाहेर पडताना दीर जवळ आला. "वैनी, आता तरी घराक चला. जेवण तयार आसा."

"नको भावजी," आये शांतपणे म्हणाली. "खोली सकाळपर्यंत आमची आसा. तुमीच येवा थंय जेवूक."

आणि तो आला, बायकोला घेऊन. आये त्यांच्याशी गप्पा मारत जेवली. वाढायला एकदाही उठली नाही.

गावी परतल्यावर काही दिवस कुजबुज झाली, नाही असं नाही. पण गौरी आल्या तेव्हा आमच्या ओटीवर बायका फुगडीला जमल्या. शेजारची, जिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, ती दाराशीच उभी होती. तिनं हळूच विचारलं, "माका घेशात?"

आये तिला हाताला धरून फेरात घेऊन आली.