मधल्या पाण्यावरची रेंज

धरणाच्या जलाशयातून पलीकडच्या गावाला जाणाऱ्या लाँचमध्ये मी बसलो होतो. अर्धं पाणी ओलांडल्यावर चालकाने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "इथं रेंज येते, बोलून घ्या." काठाला डोंगर आडवे येतात, इंटरनेट मिळतं ते इथेच, मधोमध.

शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी माझ्याकडून व्हिडिओ कॉल लावून घेतला. पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा नातू पडद्यावर हसला. बाबांनी फोन उलटा करून पाण्याकडे धरला.

"बघ रं, हितं खाली आपलं घर हुतं. मी हितंच जल्मलो."

"आबा, नुसतं पाणी दिसतंय."

"त्येच दावतोय."

नातू हळूच म्हणाला, "आबा, अजून थोडा वेळ तसाच धरा ना."

मी बाबांच्या हाताला खालून आधार दिला. खाली बुडालेलं गाव होतं, वर आम्ही होतो, आणि दूर पुण्यात बसलेला एक तरुण आकाशाच्या वाटेने येऊन आपल्या आजोबांचं अंगण न्याहाळत होता.

चालकाने इंजिनाकडे हात नेला, बाबांकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.