बारा अक्षरांचा शब्द

माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर नोकरीला होते. शिक्षण दहावीपर्यंत, मराठी शाळेत. साहेब लोक इंग्रजीत बोलू लागले की ते गप्प राहत. त्याची भरपाई म्हणून की काय, इंग्रजी डिक्शनरीतले लांबलचक शब्द डायरीत उतरवायचा त्यांना नाद लागला. पोट गुरगुरणं म्हणजे बॉर्बोरिग्मस, खिडकीतून बाहेर फेकणं म्हणजे डिफेनेस्ट्रेशन. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं, याला तर एकोणतीस अक्षरांचा शब्द होता. तो ते एका दमात म्हणत.

निवृत्तीनंतर आम्ही इंदिरानगरला राहायला आलो. खालच्या मजल्यावर इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका राहत. त्यांच्याकडे रविवारी सकाळी पटावर इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द जुळवण्याचा खेळ चाले. बाई, एक बँकेतले गृहस्थ, वडील आणि मी. या खेळात प्रत्येकाच्या हाती एका वेळी सातच अक्षरं असतात. वडिलांचे शब्द त्यात मावत नसत. ते महिनोन्महिने हरत राहिले, आणि न मावलेला शब्द अर्थासकट सांगत राहिले. एका रविवारी बँकेतले गृहस्थ वैतागून म्हणाले, "तुमचे शब्द भाषणाला ठीक आहेत. खेळायचं तर छोटे शिका."

वडिलांनी डाव पुरा केला. पुढचे तीन रविवार ते खाली खेळायला गेले नाहीत. मीही समजूत घातली नाही. वाटलं, सुटला नाद तर बरंच. चौथ्या रविवारी बाई गुडघे धरत जिना चढून वर आल्या. तिघांत मजा येत नाही भाऊ, एवढंच म्हणाल्या. वडिलांनी चपला घातल्या.

त्या दिवशी मी पटाच्या मधल्या ओळीत 'टँकर' लावला होता. वडील बराच वेळ त्याकडे पाहत बसले. मग त्यांनी माझ्या शब्दाच्या आधी सी, ए, एन ही तीन अक्षरं ठेवली, नंतर ओ, यू, एस ही तीन. कॅन्टँकरस. बारा अक्षरं. बँकेतल्या गृहस्थांनी फोनमध्ये शोधण्याऐवजी वडिलांनाच अर्थ विचारला. वडिलांच्या डायरीतल्या शब्दाचा अर्थ आपणहून कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही कधी विचारला नव्हता.

"तिरसट," वडील म्हणाले. "कुणी जरा बोललं की रुसून घरी बसणारा."

"मीही तसं बोलायला नको होतं," बँकेतले गृहस्थ म्हणाले. बाईंनी गुण लिहिले.

तो डावही वडील हरले. शेवटी त्यांच्या हातात क्यू अडकला. जिना चढताना त्यांनी मला विचारलं, यू नसतानाही क्यू खपेल असा शब्द असतो का? मला माहीत नव्हतं. ते तसेच परत खाली बाईंना विचारायला गेले.