कासवांच्या कुरणात

वाशिम स्टेशनावर गाडी सुटायच्या आधी ह्यांनी खिडकीच्या गजाला धरून एकच गोष्ट दोनतीनदा बजावली. "पोट्टीले घेऊनच ये. एकटी येऊ नोको." मी मान डोलावली. जवळ एक बॅग आणि एक पिशवी होती. पिशवीत ज्वारीच्या दशम्या, तिळाची चटणी, धापोडे (ज्वारीचे पापड) आणि एक नारळ. नारळ समुद्राला द्यायचा होता. आमच्याकडे नव्या विहिरीला पाणी लागलं की आधी नारळ फोडतात, मग ते पाणी तोंडाला लावतात. पोरगी दोन वर्षं ज्या पाण्यात रोज उतरते त्याचा हा मान राहूनच गेला होता.

प्रणाली, माझी मोठी मुलगी, लक्षद्वीपच्या एका लहानशा बेटावर कामाला आहे. तिथं समुद्राच्या तळाशी गवत उगवतं, ते कासवं खातात, आणि गवत किती उरलं ते ही मोजते. मंगरूळपीरला माझं शिवणाचं दुकान आहे. तिथं हे सांगितलं तेव्हा ब्लाउज शिवायला टाकायला आलेल्या एकीनं विचारलं, "गवत मोजायले एवढ्या दूर कायले गेली? आपल्या बांधावर काय कमी हाय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण आता तिथंच आणखी तीन वर्षं थांबशील का, असं तिला कामावरून विचारलं होतं, आणि ती हो म्हणणार असं तिच्या आवाजावरून कळत होतं. तेव्हा घरात ठरलं, आईनं जायचं आणि घेऊन यायचं.

हैदराबादला गाडी बदलली आणि कोचीला उतरले. परवान्याचे कागद प्रणालीनं आधीच करून पाठवले होते. जहाज लांबून चांगलं भक्कम दिसत होतं, म्हणून जिवाला जरा आधार वाटला. तो बंदर मागं पडेपर्यंतच टिकला. मग चारी बाजूंनी पाणीच पाणी, आणि पोटातल्या दशम्या वर येऊ लागल्या. शेजारच्या बाकावर बेटावरचीच एक म्हातारी होती. तिनं न विचारता माझ्या हातात लिंबू ठेवलं. मी मंगरूळपीरच्या हिंदीत तिला शुक्रिया म्हटलं. तिनं कुठली म्हणून विचारलं तेव्हा मी वाशिम सांगितलं. ते तिला ठाऊक नव्हतं. समुद्र तिथून किती लांब, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे समुद्र नाहीच. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझीच कीव आली.

बेट आलं, पण जहाज काठाला लागेना. तिथं पाणी उथळ, म्हणून जहाज लांबच थांबतं आणि त्याच्या पोटातल्या दारातून माणसांना लहान होडीत उतरवतात. होडी एका क्षणी दारापाशी यायची आणि दुसऱ्या क्षणी कमरेइतकी खाली जायची. बायका कडेवर लेकरं घेऊन सहज पाय टाकत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी दाराची कड घट्ट धरली आणि मागच्यांना जागा देते असं दाखवत बाजूला झाले. शेवटी मागं कुणीच उरलं नाही. दोघांनी दंडाला धरून मला उचललं आणि खाली ठेवलं, बाजारच्या पोत्यासारखं. धक्क्यावर प्रणाली उभी होती. उन्हानं काळी पडलेली, केस आखूड कापलेले.

तिची खोली माडांच्या रांगेत होती. घरमालकिणीनं जेवायला भात, खोबऱ्याचं कालवण आणि मास (उकडून, धुरी देऊन वाळवलेला मासा) असं वाढलं. मी ठेचा काढून दिला, तर ती बाई एका घासात डोळे पुसायला लागली आणि हसत आणखी मागू लागली. जेवण झाल्यावर मी पिशवीतून नारळ काढला. प्रणालीनं आधी नारळाकडे पाहिलं, मग दारातून बाहेर, जिथं नजर जाईल तिथवर माडच माड होते. ती इतकी हसली की मालकीण पाहायला आली. मला राग आला. एवढ्या लांबून सांभाळून आणलेली वस्तू होती ती.

त्या रागातच मी विषय काढला. झालं तेवढं पुरे, बॅग भर, बाबा वाट पाहतात. तिनं नारळ उचलून कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाली, "आई, तू येशीन म्हणूनच मी अजून हो म्हटलं नाही. एक डाव माह्यासोबत पाण्यात ये. पाह्य मी काय करतो थे. मंग तू म्हणशीन तसं."

आमच्याकडच्या पोरी बोलताना मी येतो, मी करतो असंच म्हणतात. एवढ्या लांब राहून तिचं ते गेलं नव्हतं याचं मला बरं वाटलं. बाकी पाण्यात उतरायचं नावही मला नको होतं.

माझी पाण्याची भीती साधी नाही. माझं माहेर रिठदचं. आमच्या मळ्यातल्या विहिरीत पोरं पैज लावायची. तळाशी बुडी मारायची आणि मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. जो जास्त वेळ दम धरेल तो खरा. माझा चुलतभाऊ बाळूदादा त्यात पहिला. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, तसंच झालं. एका दुपारी तो खाली गेला आणि आम्ही काठावरून आकडे मोजत राहिलो. आकडे संपले, आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजले. त्यानंतर मी कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नाही आणि पोरींनाही जाऊ दिलं नाही. त्यातली एक नेमकी समुद्रात काम करते, याला काय म्हणावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठाजवळ सराव झाला. अंगाबरोबर बसेल असे पूर्ण बाह्यांचे कपडे आण, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. मी माझ्या हातानं सुती सलवार-कमीज शिवून नेला होता, सैल, कारण घट्ट कपडे या वयात बरे दिसत नाहीत. पाण्यात बसताच त्यात हवा भरली आणि कमीज फुगून माझ्या हनुवटीला लागला. प्रणालीनं तिचा काळा पोहण्याचा पोशाख दिला. तो अंगात चढवताना एक शिवण उसवली, ती मी तिथंच बसून घातली. तेवढाच वेळ बरा गेला. मग डोळ्यांवर काच, तोंडात नळी. पाण्यात तोंड घालायचं आणि नळीतून श्वास घ्यायचा. मी तोंड घालायचे, क्षणभरात छाती भरून यायची आणि मी उसळून वर. दर वेळी असंच. शेवटी प्रणाली म्हणाली की बाकीचं उद्या, आत गेल्यावर पाहू. उद्या हा शब्द मी दिवसभर चघळत राहिले. एकदा वाटलं, ताप आल्याचं सांगावं.

दुसऱ्या सकाळी आम्हाला आत न्यायला कोयाभाईंची होडी होती. पिकल्या दाढीचा, फार न बोलणारा माणूस. मी नारळ सोबत घेतला होता, पोरगी हसली तर हसली. आत गेल्यावर मी तो पाण्याला दाखवला आणि सोडून दिला. तो बुडाला नाही, होडीच्या बाजूनं तरंगत राहिला. कोयाभाईंनी वाकून तो उचलला आणि पडला असं समजून मला परत दिला. मी त्यांना हिंदीत समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, नारळ माझ्या हातातून घेतला आणि या वेळी स्वतः लांब फेकला. हसले नाहीत, त्यामुळे मला ते आवडले.

तेवढ्यात ते ओरडले, "आमा." मला वाटलं मलाच अम्मा म्हणतात, म्हणून मी हो म्हटलं. प्रणालीनं पाण्याकडे बोट दाखवलं. आमा म्हणजे कासव. मला काही दिसलं नाही.

मी शिडी धरून उतरले. तळाला पाय लागला नाही. विहिरीला निदान काठ असतो, भिंत असते, इथं हात लावायला काहीच नव्हतं. अंगात तरंगायचं जाकीट होतं तरी मी पोरीच्या गळ्याला मिठी मारली. तिनं हळूच माझे हात सोडवले आणि एक हात घट्ट धरला. मी तोंड पाण्यात घातलं. पुन्हा तेच. छाती फुटेल असं झालं, वर आले, खारं पाणी नाकातोंडात गेलं, खोकला लागला. मी म्हटलं, मला वर घे, माझ्यानं होत नाही. मला खरंच रडू येत होतं.

ती माझ्या तोंडासमोर आली. "आई, तू दम धरून राह्यली. नळी कायले देली तुले? दम सोड."

आमच्या बोलीत हे शब्द चांगल्या वेळी कुणी म्हणत नाही. बैलानं दम सोडला म्हणजे बैल बसला आणि माणसानं दम सोडला म्हणजे माणूस गेला. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. लहानपणापासून तिला, तिच्या बहिणीला, दुकानातल्या शिकाऊ पोरींना, सगळ्यांना मी एकच सांगत आले, दम धर. पाण्यात दम धरायचा, हे तर रिठदचं लेकरूही जाणतं. आणि बाळूदादा दम धरूनच गेला होता.

"पुरा सोड," ती म्हणाली. "घ्यायचं नोको पाहू. थे आपोआप येते."

मी तोंड पाण्यात घातलं आणि दम सोडला. नळीतून फूंऽ असा आवाज झाला. मग खरंच, न ओढता हवा आत आली. पुन्हा सोडला, पुन्हा आली. या वेळी मी वर उसळले नाही. मग पहिल्यांदा डोळे उघडले.

खाली गवत होतं. हिरवं, लांब पातीचं, वाऱ्यावर हलावं तसं एका बाजूला झुकणारं. कुठं दाट, कुठं जनावरांनी खाऊन पार बोडकं केलेलं. हे मला ओळखू आलं. चरून गेलेलं रान मी जन्मभर पाहिलं आहे. त्यात एक कासव होतं, चांगलं परातीपेक्षा मोठं. मान वाकवून गवत तोडत होतं, दोन पावलं सरकत होतं, पुन्हा तोडत होतं, म्हशीसारखं, कुणाचं काही देणंघेणं नसल्यासारखं. मी सवयीनं हात पुढे केला. प्रणालीनं तो मागे ओढला. हात लावायचा नसतो म्हणे. तेवढ्यात खालची वाळू उसळली आणि चादरीएवढी पाकट (चपटा, शेपटीवाला मासा) आमच्या खालून निघून गेली. मी नळीत किंचाळले. तो आवाज कोयाभाईंपर्यंत गेला असं नंतर कळलं.

मग कासव वर यायला लागलं. सरळ माझ्याकडे. पळायला जागा नव्हती. ते माझ्यापासून हातभर अंतरावर पाण्याबाहेर आलं, फुस्स करून श्वास टाकला, नवा घेतला आणि माझ्याकडे न पाहता खाली गेलं. त्यालाही हवा लागते हे मला ठाऊक नव्हतं.

खरी भीती त्यानंतरची. प्रणालीनं माझा हात होडीच्या दोरीला नेऊन लावला आणि म्हणाली, "आता मले काम करू दे." तिनं गवत मोजायची एक पांढरी चौकट घेतली आणि डोकं खाली करून बुडी मारली. ती बुडी मारते हे घरी कुणालाच माहीत नव्हतं. मी वर तरंगत होते आणि माझी पोरगी खाली जात होती, बाळूदादा गेला तशीच. तिनं तळाशी चौकट ठेवली, गवत बोटांनी बाजूला केलं, काहीतरी पाहिलं, आणखी पाहिलं. घाई नव्हती तिला. माझं मन आपोआप आकडे मोजायला लागलं, रिठदच्या काठावर मोजत होते तसे. मी ते मोजणं थांबवलं. नळीतून श्वास येत-जात होता, तेवढाच धरून राहिले. ओरडून काही होणार नव्हतं आणि खाली जाणं माझ्या हातात नव्हतं. मग तिनं मान वर केली, पाय हलवले आणि वर आली. तोंडातून तसाच फुस्स आवाज आला. तिनं माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि पुन्हा खाली गेली. मी होडीत परत जाऊ शकत होते. कोयाभाईंनी दोनदा हात पुढे केला. पण मी तिथंच थांबले, तिचं काम संपेपर्यंत, दर बुडीला भीत.

संध्याकाळी आम्ही धक्क्यावर बसलो होतो. मीच म्हटलं, "राह्य तू." ती रडली. मीही रडले, आणि तिला तेल लावायला बसले, कारण केसांची पार झाडू झाली होती.

परतीच्या जहाजावर मला पुन्हा मळमळलं. मन समुद्रात रमलं वगैरे काही झालं नाही. पुन्हा पाण्यात उतर म्हटलं तर मी शंभर कारणं सांगेन. भीती गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. सकाळी दुकानात बसले की ती आता होडीत चढली असेल असं वाटतं आणि सुई चुकते. एवढंच, की पूर्वी मला तिच्याभोवती नुसतं काळं पाणी दिसायचं. आता गवत दिसतं, कासव दिसतं, तिचे हात दिसतात.

वाशिमला हे मोटरसायकल घेऊन आले होते. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, डब्याच्या दाराकडे पाहिलं. बॅग पुढे ठेवून आम्ही मंगरूळपीरच्या रस्त्याला लागलो. तऱ्हाळा गाव मागं पडल्यावर त्यांनी मान न वळवता विचारलं, "लय खोल जाते का थे?"

"जाते," मी म्हटलं. "तळाले हात लावते."

गाडी हळू झाली. मला वाटलं आता थांबवतात आणि बोलतात. पण ते चालवतच राहिले. मग अगदी लहान आवाजात त्यांनी विचारलं, "अन्?"

"वर येते जी," मी म्हटलं. "दर डाव वर येते. मी पाह्यलं."