तांब्या हातात असताना

सुंदरीबाईंच्या घरी उद्या माताजींचा आहार होता, आणि पाणी सुनेनं, कस्तुरीनं, द्यायचं हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"आत्या, मला नको," कस्तुरी सासूला म्हणाली. "तांब्या सुटला तर?"

"तर मी हाय की शेजारी."

पण तांब्या सुटल्यावर काय होतं, हे माधवनगरच्या जैन घरात कुणाला सांगावं लागत नाही. आर्यिका माताजी दिवसातून एकदाच, ओंजळीत आहार घेतात. देणाऱ्याच्या हातून भांडं पडलं की अंतराय. त्या तशाच उठतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत. दिवस मे महिन्याचे.

कस्तुरी बेचाळीस वर्षांची, बालवाडीत शिकवणारी, हाताची नेटकी बाई. पण अधूनमधून ती असते तिथून निघून जायची. डोळे उघडे, हात गार, आवाज विहिरीतून आल्यासारखे. "हिचं पाय इथं, जीव गावाला," असं सुंदरीबाई वीस वर्षं म्हणत आल्या होत्या.

गेल्या वर्षी उतू जाणाऱ्या दुधापुढं ती अशीच उभी राहिली आणि हात भाजला. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी हातापेक्षा तिचीच जास्त विचारपूस केली. तेव्हा कुठं बाहेर आलं. आठव्या वर्षापासून तीन सुट्ट्या, आजोळी, सख्ख्या मामानं कोठीची कडी लावून तिच्यावर अत्याचार केले होते. अंग तिथून हलवता येत नव्हतं, म्हणून ती मनानं निघून जायला शिकली. "त्यामुळंच तेव्हा तुम्ही वाचलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता परत यायला शिकायचं."

कस्तुरीनं धीर करून सासूला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मामानं दिवाळीला दिलेली साडी सुंदरीबाईंनी घडी न मोडता परत धाडली. गावाला गेलेल्या जिवाची थट्टाही त्या दिवसापासून बंद झाली.

आहाराच्या दिवशी माताजी पाटावर बसल्या. कस्तुरी ओंजळीत पाण्याची धार धरत होती. मांजर आत येऊ नये म्हणून शेजारच्या मंगलकाकूंनी परसदार लोटलं आणि कडी घातली.

आवाज लांब गेले. धार थांबली. तांब्याचा काठ बोटांना लागेना. माताजींची ओंजळ तशीच पुढं.

तेवढ्यात कस्तुरीच्या पावलावर एक खरखरीत पाऊल टेकलं. भाजी निवडताना बोलावं तशा आवाजात सुंदरीबाई म्हणाल्या, "कस्तुरी, हे माधवनगर. ही मी. फरशी गार हाय. तांब्या जड हाय का गं?"

तिला उत्तर शोधावं लागलं. ते तांब्यातच होतं.

"न्हाई. अर्धाच हाय."

"मग वत की."

धार पुन्हा लागली. माताजी सावकाश प्यायल्या, पोट भरेपर्यंत. सासूचं पाऊल शेवटपर्यंत हललं नाही.

माताजी गेल्यावर कस्तुरीनं परसदाराची कडी स्वतः काढली.

"काकू, पुढच्या खेपेला कडी घालू नका. मला सोसत न्हाई."

"अगं, मग मांजर?"

"मांजराला मी बघीन," सुंदरीबाई म्हणाल्या, आणि काठी घेऊन उघड्या दारात जाऊन बसल्या.