बार्शीहून भरलाच परत आलेला डबा

बरीच वर्षं मी हे सांगायचं टाळलं. घरात नाताळच्या जुन्या आठवणी निघाल्या की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. बायको गेली, तिलाही कधी सांगितलं नाही. आता लिहून टाकतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमच्या ख्रिस्ती वस्तीत नाताळ जवळ आला की भिंतींना चुना लागायचा, बाबा कामट्यांचा तारा बांधायला बसायचे आणि बायका पाळीपाळीनं एकमेकींच्या घरी करंज्या लाटायला जमायच्या. मग डबे निघायचे, शेजारी, नात्यात, ओळखीत. डबा परत येताना तळाला चिमूटभर साखर तरी असायची. भरलेला डबा तसाच परत आला तर संबंध संपला, असंच सगळे समजायचे. आमच्या घरावर ती वेळ कधी आली नव्हती.

माझी थोरली बहीण, अक्का, तीन वर्षांपूर्वी बार्शीच्या एका हिंदू शिक्षकाशी लग्न करून गेली होती. बाबांनी तिला येऊ नकोस म्हणून बजावलं होतं. त्या वर्षी माझं लग्न ठरलं. होणारे सासरे चर्चमध्ये वजन असलेले, फार कडक. थोरली मुलगी बाहेरगावी असते, एवढंच आम्ही त्यांना सांगितलं होतं. नाताळच्या दिवशी ते सगळे आमच्याकडे जेवायला येणार होते.

करंज्यांच्या दिवशी शेजारच्या मावशी मला म्हणाल्या, "नवरदेव, नुसतं काय बघताय? कड मुरडा की जरा. सासूबाई परीक्षा घेणार हाय तुमची!"

"त्याला नुसत्या खाता येतात," आई म्हणाली. त्या दिवशी ती फार हसत होती. बायका गेल्यावर तिनं पितळी डबा गच्च भरला, वर विणलेला रुमाल बांधला.

"उद्या बार्शीला जा. अक्काला सांग, नाताळला दोघंही या."

"आणि बाबा?"

"विचारलंय मी. येऊ दे म्हणाले."

"माझ्या सासरची माणसं असतील त्या दिवशी."

"असू देत की. बहीण आहे ती तुझी."

दुसऱ्या दिवशी एसटीत डबा मांडीवर घेऊन बसलो, पण जागेवर बसवेना. सासरे काय म्हणतील, लग्नच मोडलं तर, हेच डोक्यात. बार्शीच्या स्टँडवर उगाच दोनदा चहा प्यालो. शेवटी तिच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. अक्का दारात स्टुलावर उभी राहून चौकटीला तारा बांधत होती. लाल पतंगी कागदाचा, एक टोक वाकडं. खाली नवरा स्टूल धरून सांगत होता, "डावीकडं घे की जरा."

"तुम्ही स्टूल नीट धरा आधी," ती म्हणाली.

मी तिथूनच वळलो. परतीची गाडी लागेपर्यंत स्टँडवर फेऱ्या मारत राहिलो. करंज्या कुणालाही देता आल्या असत्या. दिल्या नाहीत. भरला डबा बघितल्यावर आई पुढे काही विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं.

आईनं डबा हातात घेतला आणि वजनावरूनच ओळखलं.

"घेतला नाही तिनं?"

"नको म्हणाली. येणारही नाही म्हणाली."

तिनं रुमाल सोडला नाही. आतून बाबांनी विचारलं, "येणार का गं?" तिनं डबा तसाच नेऊन त्यांच्यासमोर ठेवला. ते पुन्हा ताऱ्याला कागद चिकटवायला लागले.

नाताळ झाला, माझं लग्न झालं. आईनं पुन्हा बार्शीला डबा पाठवला नाही.

पुढे आई गेली, तेव्हा तिच्या मातीला अक्का आली. दफनभूमीतून परतताना म्हणाली, "आईनं मला एकदाही बोलावलं नाही रे. दर नाताळला वाट बघायची मी."

मी म्हणालो, "घरी चल, चहा घे."

पुढे तीनदा बार्शीला गेलो, केवळ हे सांगायला. दर वेळी ती जेवायला वाढायची, मुलांची चौकशी करायची, आणि मी घड्याळ बघत उठायचो. गेल्या वर्षी अक्काही गेली. वाटेत प्रत्येक वेळी मनात घोकलेलं बोलणं एवढंच होतं: अक्का, आईनं तुला बोलावलं होतं. बाबाही हो म्हणाले होते. मी खोटं बोललो. मला माफ कर.