बोनारियाचा बिनखुणेचा चाकू

आमच्या गावात कुणी जेवायला बोलावलं तर यजमान पाव देतो, मांस देतो, गळ्याशी येईपर्यंत वाइन पाजतो. चाकू मात्र देत नाही. तो ज्याचा त्याने आपल्या खिशातून काढायचा. विसरून आलेल्याला कुणी वावगं बोलत नाही. फक्त त्याच्या पुढ्यात मांसाचे बारीक तुकडे करून ठेवतात, दात न आलेल्या पोराला द्यावेत तसे. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या.

अशा गावात बोनारिया चाकू बनवते. सार्डिनियात चाकू बनवणारे पुष्कळ, पण बाई म्हणाल तर आमच्या डोंगरावर ही एकटीच. तिचा बाप प्रेदू याने उभा जन्म त्याच भट्टीपुढे काढला. बोनारिया तेव्हा खाली समुद्राकाठच्या हॉटेलात चादरींना इस्त्री करायची. प्रेदूचे हात थरथरायला लागले, हातातली कानस खाली पडायला लागली, तेव्हा आठ दिवस मदतीला म्हणून वर आली आणि राहिलीच. हॉटेलवाल्याने दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा तिने उचललाच नाही.

पहिल्या वर्षी तिने जी शिंगं जाळली त्यांचा वास गल्लीत अजून आहे असं शेजारणी सांगतात. मुठीसाठी मेंढ्याचं शिंग आधी शेकून मऊ करायचं, मग सरळ करायचं. जरा जास्त शेकलं की ते करपतं आणि अख्खी गल्ली नाकाला रुमाल लावते. "नवरा नाही, मूल नाही, आणि शिंगं भाजत बसलीय," असं म्हणणाऱ्या बायका काय कमी होत्या? पण खरं सांगायचं तर बोनारिया इतकी सुखात याआधी कधी नव्हती. सकाळी भट्टी पेटवायची, दुपारी बापाला सूप भरवायचं, संध्याकाळी दारात बसून मुठीला तेल चोळायचं. चादर इस्त्री करून दिली की दुसऱ्या दिवशी चुरगळून परत येते. चाकू तसा परत येत नाही, एवढं एक सुख तिला पुरेसं होतं.

नड एकाच गोष्टीची होती. आमच्याकडे चाकूच्या मुठीला पितळी कडं असतं आणि त्यावर कारागिराची खूण कोरलेली असते. प्रेदूची खूण म्हणजे वळलेलं शिंग. "ती माझी," तो म्हणायचा. "माझ्याबरोबर जाणार. तुला हवी तर तुझी कोर. पण मंडळींनी 'चालेल' म्हटल्याशिवाय नाही. मीसुद्धा त्यांच्या बापांच्या पाया पडलोय." बिनखुणेचा चाकू विकता येत नाही असं नाही. खाली किनाऱ्यावरची दुकानं घेतात आणि वर आपलं नाव ठोकून पर्यटकांना विकतात. बोनारियाचे चाकू आजवर तसेच गेले होते, दुसऱ्याच्या नावाने. तिने आपली खूण केव्हाच ठरवून गावभर सांगूनही टाकली होती: छोटीशी इस्त्री. गावाने हसायच्या आत आपणच हसून घेतलेलं बरं, असा तिचा हिशेब.

मंडळी म्हणजे गावातले सहा चाकूवेडे. त्यात बेकरीवाला होता, गुरांचा डॉक्टर होता, दुधाचा टँकर चालवणारा स्तेवेने होता, आणि सगळ्यांचा म्होरक्या मेंढपाळ बाकीस होता. बाकीस नाकावर माशी बसू द्यायचा नाही. नवा चाकू या सहा जणांच्या खिशांतून फिरायचा. ज्याची पाळी त्याने स्वतःचा चाकू घरी ठेवायचा आणि पाव, चीज, द्राक्षाची वेल, मेंढीचं खूर, जे पुढ्यात येईल ते नव्याने कापायचं. मग पुढच्याकडे द्यायचा. फेरी संपली की रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि निकाल द्यायचा. तोंडभर कौतुक कुणी करत नाही, दृष्ट लागते. "चालेल" म्हणाले की समजायचं, स्वर्ग दोन बोटं उरला. आणि "चालेल" सहाही जणांचं लागतं.

बोनारियाचा चाकू मेंढ्यांच्या कातरणीपासून द्राक्षाच्या तोडणीपर्यंत फिरला. नवेपणाची चकाकी जाऊन पातं काळं-निळं पडलं, मुठीला सहा हातांचा घाम लागला. निकालाचं जेवण बाकीसच्याच वाड्यावर, मेंढ्यांच्या गोठ्याशेजारी झालं. बुचाच्या झाडाच्या सालीवर भाजलेलं कोकरू मांडलं होतं आणि भोवती सगळ्यांचे उघडे चाकू. त्यातच तिचा.

"चालेल," बेकरीवाला म्हणाला.

"चालेल," डॉक्टर म्हणाला.

"मला तर परत द्यायचाच नव्हता," स्तेवेने म्हणाला. सगळ्यांनी डोळे वटारले तसा त्याने घाईने चाकूला बोट लावलं, दृष्ट काढल्यासारखं. "बरं बाबा, चालेल!"

उरलेल्या दोघांनीही मान हलवली. मग सगळे बाकीसकडे बघायला लागले. तो वाइन ओतत होता. निम्मी पेल्यात पडली, निम्मी टेबलावर.

"टेबल वाकडं आहे," तो म्हणाला.

"टेबल तुमचंच आहे, काका," बोनारिया म्हणाली.

"म्हणूनच मला माहीत आहे." त्याने तिचा चाकू उचलला, कोकराची फासळी कापली, मिटला, परत उघडला. "मूठ हलकी आहे. मिटताना आवाज कसा येतो बघा, म्हातारीने दात मिटल्यासारखा. नाशपाती सोलायला बरा."

"काका, याच चाकूने तुम्ही आत्ता हाड वेगळं केलंत."

"ते माझ्या हाताचं कसब." बाकीसने स्वतःचा चाकू वर धरला. तो प्रेदूने त्याच्या लग्नात करून दिलेला. पातं झिजलं म्हणून दोन वर्षांपूर्वी प्रेदूनेच नवं बसवलं होतं, हात पुरते जायच्या आधीचं ते त्याचं शेवटचं काम. "हा बघ. अंधारात दे, झोपेत दे, माझा हात ओळखतो. तुझ्या बापाने पातं घडवलं, पोरी. तू नुसतं कापायचं हत्यार केलंयस."

"अहो पण कापायलाच तर असतं ते!" स्तेवेने ओरडला. यावर जो वाद पेटला तो तिसरी बाटली रिकामी होईपर्यंत विझला नाही. कुणी माघार घेतली नाही, आणि उठायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी आपापले चाकू पावाच्या तुकड्याने पुसले, मिटले आणि खिशात टाकले. बाकीस अजून डॉक्टरशी भांडत होता. भांडता भांडताच त्यानेही सालीवरचा एक चाकू उचलला, पुसला, टाकला.

बोनारिया आपला घ्यायला गेली तर सालीवर एकच चाकू उरला होता, आणि तो तिचा नव्हता. शिंग तसंच गर्द, माप तेच, कारण तिने बापाच्याच मापावर तो केला होता. पण हे पितळी कडं जुनं होतं, खूण घासून सपाट झालेलं. बाकीस तिचा चाकू घेऊन गेला होता.

घरी येऊन तिने बापाला सांगितलं तेव्हा प्रेदू इतका हसला की त्याला ठसका लागला.

"फोन करते," ती म्हणाली. "उद्या उजाडताच बोंब मारेल."

"करू नकोस. झोपेत ओळखतो ना? बघू या कधी जागा होतो."

बोनारियाला रात्रभर धाकधूक. सकाळी दार वाजलं तर डाकवाला. दुसऱ्या दिवशी कुणीच नाही. आठवडा गेला, दुसरा सुरू झाला, आणि बाकीसचा पत्ता नाही. दूध न्यायला त्याच्या वाड्यावर जाणारा स्तेवेने तेवढा रोज बातम्या आणायचा, आणि त्याला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"काल खुरं कापत होता. मला म्हणतो, बघ, प्रेदूचं पातं, अजून धार लावायला लागली नाही! पोरीला म्हणावं शीक." किंवा, "आज नाशपातीची कलमं बांधली म्हातारबाने. म्हणतो, हा चाकू म्हातारपणी आणखी गोड झालाय. चाकू गोड कसा होतो गं?"

"मला काय विचारतोस," बोनारिया म्हणायची आणि पाठ वळवून भट्टी फुंकायची. हसू आवरायला दुसरा उपायच नव्हता. आपला तो बाब्या म्हणतात ते असं. पण भट्टीची ऊब तोंडाला लागली की मनात दुसरंच यायचं. प्रेदूला ही गोष्ट बारमध्ये सांगायची होती, सगळ्यांसमोर, बाकीसच्या तोंडावर. "घोडामैदान जवळ आहे," तो हात चोळत म्हणायचा. बोनारियाला मात्र भीती वाटायची. भर बारमध्ये हसू झालेला माणूस मेला तरी "चालेल" म्हणणार नाही. उलट तिनेच मुद्दाम चाकू बदलला असं म्हणेल, आणि गाव म्हाताऱ्याचंच ऐकेल. मग इस्त्रीची खूण जन्मात कोरायला नको. किनाऱ्यावरच्या दुकानदारांची नावं आहेतच.

आणि आणखी एक होतं. तिला बाकीस आवडायचा. पहिल्या वर्षी गल्ली नाक मुरडत होती तेव्हा शिंगांचं पोतं खांद्यावर टाकून तिच्या दारात तोच आला होता. "जाळ," म्हणाला होता. "जाळल्याशिवाय येत नाही."

"बाबा, बारमध्ये एक शब्द काढलात तर सूप बंद," तिने बजावलं. प्रेदूने तोंड वाकडं केलं, पण सूप गमवायची त्याची तयारी नव्हती.

शेवटी बाकीस आपणहून आला. दुपारची वेळ होती, प्रेदू खुर्चीत, बोनारिया मूठ घासत होती. दारातली पायरी त्याने पायाने चाचपली, मग आत आला आणि खिशातून चाकू काढून प्रेदूच्या मांडीवर ठेवला.

"पात्याच्या खिळ्याला तेल दे. बाकी काही नको. आणि तुझ्या लेकीला हा हातात घेऊन बसव. मूठ कशी भरते बघ म्हणावं. मिटताना आवाज बघ." त्याने परत उचलून मिटवला. "टक! दार लावल्यासारखा. याला म्हणतात चाकू, बोनारिया. रागावू नकोस. तुझ्या भल्याचं सांगतो."

प्रेदूने खाली मान घातली. त्याचे खांदे हलायला लागले.

बोनारिया उठली. तिने फळीवरून फडक्यात गुंडाळलेला चाकू काढला आणि बाकीसच्या समोर ऐरणीवर ठेवला.

"काका, तुमचा हा. त्या रविवारी सालीवर राहिला होता."

बाकीसने हात पुढे केला. त्याने तो उचलला. डाव्या हातात हा, उजव्या हातात तो. दोन्ही उघडले, दोन्ही मिटले. कड्यांवरून बोट फिरवलं. एक झिजून सपाट झालेलं, दुसरं मुळातच कोरं. प्रेदूला हसू आवरेना, तशी बोनारियाने त्याच्याकडे असं पाहिलं की ते जागच्या जागी विरलं.

"कुणाकुणाला माहीत आहे?" बाकीसने विचारलं.

"आम्हा दोघांना."

"स्तेवेनेला?"

"स्तेवेनेला माहीत असतं तर बेकरीवाल्याच्या मांजरालाही कळलं असतं."

बाकीस स्टुलावर बसला. एवढा ताठ माणूस, पण त्या क्षणी अंगातली हवा गेल्यासारखा दिसला, आणि बोनारियाला फार वाईट वाटलं. आपण हे दुसऱ्या कुठल्या तरी तऱ्हेने करायला हवं होतं, असं तिला वाटलं. पण दुसरी तऱ्हा कुठली, ते सुचेना.

"तेच शिंग आहे काका," ती म्हणाली. "माप बाबांचंच. कुणीही चुकलं असतं."

"उगाच समजूत घालू नकोस." त्याने जुना चाकू खिशात टाकला. नवा हातातच राहिला. अंगठा मुठीवरून मागेपुढे फिरत होता. "दोन आठवडे. खुरं, कलमं, पाव, सगळं याने केलं. एकदाही हात अडला नाही." मग तो प्रेदूकडे वळला, आणि त्याचा आवाज चढला. "हसतोस काय? तुझ्यापेक्षा बरी मूठ केलीय पोरीने!"

"मी कुठे हसतोय," प्रेदू म्हणाला. तो खरंच हसत नव्हता. त्याचे डोळे भरले होते.

"चालेल," बाकीस म्हणाला. "ऐकलंस का गं? चालेल. आणि हा मी घरी नेणार आहे. पण असा बोडका नाही नेणार. कोर तुझी ती इस्त्री."

"आत्ता?"

"मग काय मी मेल्यावर?"

बोनारियाने छिन्नी घेतली. आजवर रिकाम्या पत्र्यांवर शेकडो इस्त्र्या कोरल्या होत्या तिने, पण कड्यावर ही पहिलीच. तिने कडं ऐरणीच्या खाचेत बसवलं आणि पहिली रेघ ओढली. बाकीस पाठीशी येऊन उभा राहिला. त्याने वाकून पाहिलं, आणखी वाकला, नाक कड्याला टेकायचं तेवढं राहिलं. मग सरळ झाला, दाराकडे एकदा बघून घेतलं, आणि आवाज उतरवून म्हणाला,

"जरा खोल कोर, पोरी. घरी कुणाला सांगितलेलं नाही, पण मला आता दिसत नाही. हाताला लागली पाहिजे."