ती ओळ कायमचीच असते

"अण्णा, मशीनवर प्लेट लावायची सोडून हे काय काढून बसलाय?" प्रेसचे मालक प्रूफ नाचवत माझ्या अंगावर आले.

प्रूफच्या कडेला मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. आमच्या धंद्यात त्याला क्वेरी म्हणतात. छापणाऱ्यानं लेखकाचं एक अक्षरही आपल्या मनानं बदलायचं नाही. शंका आली तर क्वेरी टाकायची. संपादक ती खोडून सही करत नाही तोवर मशीन चालवायची नाही. मी चौथी नापास. छपाईचे शिशाचे खिळे जुळवत जुळवत वाचायला शिकलो. पण हा नेम कधी मोडला नाही.

आमची प्रेस निपाणीत. बेळगावच्या एका कॉलेजची शोधपत्रिका आमच्याकडे छापायला येते. प्राध्यापक, डॉक्टर लोक आपलं संशोधन त्यात मांडतात. या अंकात एका डॉक्टरांचा मराठीतला लेख होता, तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसणाऱ्या बायकांच्या छातीच्या दुखण्यावर. म्हणणं असं की, धुळीनं फुफ्फुसाला फारसं काही होत नाही. तळाला ओळ होती, 'लेखकाचे कोणतेही हितसंबंध नाहीत.'

हितसंबंध म्हणजे काय? ज्याचं मीठ खाता त्याच्याविषयी लिहिणार असाल, तर आधी तसं सांगा. लिहायला बंदी नाही. सांगा, मग वाचणारा आपलं ठरवील.

हे डॉक्टर वखारीतल्याच दवाखान्यात बसतात. पगार वखारमालकाचा. गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझी बायको शेवंता त्याच वखारीत चाळणीवर होती. धूळ ओढणारा पंखा बसवा म्हणून बायका मागं लागल्या होत्या, त्यात ती पुढं. लेखासाठी डॉक्टरांनी तिलाही नळीत फुंकायला लावलं. पुढं खोकल्यानं तिचं काम सुटलं. मग ती गेली. लेखात लिहिलं होतं, काम सोडलेल्या बायका धरलेल्या नाहीत. म्हणजे ज्यांची छाती गेली त्या आधीच बाजूला काढल्या. त्यावर मी क्वेरी टाकली नाही. ते त्यांचं शास्त्र. तळाच्या ओळीवर टाकली. तेवढं मला कळतं.

आमच्या मालकांनी संपादकांना फोन केला. दुपारी संपादक सर बेळगावच्या कॅम्पातनं गाडी घेऊन आले.

"या सर," मालक म्हणाले, "आमच्या अण्णांनी तुमच्या डॉक्टरांना नापास केलंय."

मी म्हणालो, "सर, माझी बायको त्या वखारीत होती. ती गेली. ते आधी ऐका, मग क्वेरी बघा."

सरांनी क्वेरी बघितली. "अण्णा, ही ओळ सगळ्याच लेखांखाली असते."

"सगळ्यांना इचारून टाकताय व्हय?"

"विचारायचं काय त्यात? तुमच्याच कॉम्प्युटरवर ती कायमची आहे."

खरं होतं. खिळ्यांच्या काळात सारखी लागणारी ओळ आम्ही मोडत नसू. दोऱ्यानं बांधून बाजूला ठेवायची, लागेल तिथं बसवायची. कॉम्प्युटर आला, तीच सवय त्यातही गेली.

"शिवाय लेख दुसऱ्या जाणकाराकडनं तपासून घेतलाय. लेखकाचं नाव झाकून."

"नाव झाकलं, तवा पगार कोन देतंय त्येबी झाकलंच की."

सर तापले. "रागावू नका अण्णा, पण यात तुमचाही हितसंबंध आहेच. वहिनी तिथंच होत्या."

"व्हय, हाय. म्हणून तर आल्या आल्या तेच सांगितलं. आता डॉक्टरांचं सांगा."

सर बाहेर जाऊन डॉक्टरांशी फोनवर बोलून आले. "डॉक्टर म्हणतात, पगार रोगी तपासायचा मिळतो. लेख लिहायचा नाही."

"मग तेवढंच छापा की खाली."

"डॉक्टर आमच्या संपादक मंडळावर आहेत, अण्णा," सर हळूच म्हणाले. लाल पेनानं क्वेरी खोडली, सही केली, आणि चहा न घेता गेले.

सही झाली. मी प्लेट लावली, मशीन चालू केली. शेवंता असती तर म्हणाली असती, "तुमचा नेम घाला चुलीत."

अंक निघाला. त्यातला लेख वखारीच्या फाटकावर चिकटवला गेला. पंख्याचं विचारायला बायका गेल्या, तर मुकादम त्याकडं बोट दाखवून म्हणाला, "पुस्तकात छापून आलंय, वाचा की." पंखा अजून बसलेला नाही.

पुढच्या अंकाच्या वेळी सर आले. कॉम्प्युटरवरची ती ओळ त्यांनी समोर बसून काढायला लावली. माझ्याकडं बघितलं नाही. आता प्रत्येक लेखकाला आधी विचारतात आणि त्यानं लिहून दिलेलं तेवढंच छापतात. डॉक्टरांचा परत एक लेख आलाय. खाली हितसंबंधांपुढं त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'नाहीत' असं लिहून दिलंय.

फरक पडला तो एवढाच. आता ज्याचं खोटं त्याला स्वतः लिहावं लागतं. आधी त्याच्या वतीनं आमची मशीन बोलायची.